सात नंबरची पिन

बेंगळुरू
१४ जानेवारी २०२४

आदरणीय कलीम चाचा,

तुमच्या हरिओमचा सलाम, आणि उद्याच्या संक्रांतीचा तिळगूळ आजच.

फोन केला की तुम्ही "कोन? कोन बोलतंय बे?" म्हणून ओरडता, आणि मग तुमची नात मेहेक फोन घेऊन सांगते, "काका, दादांना ऐकू येत न्हाई." पन्नास वर्षं लेथ आणि हातोड्याच्या आवाजात काढल्यावर कान राहतील कसे? म्हणून हे पत्र. तसंही मोबाईलवरच्या दोन ओळींना तुम्ही पत्र मानत नाही.

बातमी अशी, की तुमच्या लेकाचा, जमीलचा माल पास झाला. दहाच्या दहा पिना!

हा माल कसला होता ते जमीलनं तुम्हाला नीट सांगितलं नसेल, म्हणून मी सांगतो. लष्करासाठी नवीन हेलिकॉप्टर तयार होतंय. त्याच्या डोक्यावरच्या पंख्याचा हा पहिला नमुना. चार पाती, आणि प्रत्येक पातं दोन पिनांनी मधल्या चाकाला धरलेलं. म्हणजे आठ पिना कामाच्या आणि दोन जादा. लष्कराच्या वतीनं असा माल तपासायचा आणि 'घ्या' किंवा 'परत पाठवा' असं लिहून द्यायचं, हीच माझी नोकरी. पुण्याच्या कंपनीनं पिनांसाठी कारखान्यांची यादी केली तेव्हा त्यात बीडचं नाव बघून आमचे एक साहेब हसले होते. म्हणाले, बीडला हेलिकॉप्टर फक्त निवडणुकीत उतरतं. मी तेव्हा गप्प बसलो, पण यादीत ते नाव घालायला मीच सुचवलं होतं. हे तुमच्यापाशीच ठेवा.

आमची तपासणी सोपी नसते, चाचा. माप तर झालंच, पण प्रत्येक पिनेवर तेजाब, आमच्या भाषेत ॲसिड, सोडावं लागतं. पोलादाला कुठं जास्त आच लागली असेल, वेल्डिंगचा टाका पडला असेल, तर तेजाबानं तिथं काळं कडं उठतं. तुमच्या दुकानचा माल सगळ्यातून सुटला. माझ्या हाताखाली संस्कृती म्हणून आपल्या केजची मुलगी आहे, कंत्राटावर. तिच्या हातात पिन देऊन म्हणालो, "बघ, यात तोंड दिसतं. माझ्या उस्तादाच्या घरचं काम आहे."

कडा गावाहून आयटीआयला आलेल्या पोराला तुम्ही दोन वर्षं लेथ शिकवला आणि जुलेखाचाचींनी जेवू घातलं. त्याची थोडी परतफेड झाली असं मला वाटतंय. कळवा.

तुमचा,
हरिओम


बीड
२ फेब्रुवारी २०२४

बेटा हरी,

खूप दुवा. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग चहावाल्या त्रिंबकला वाचायला दिलं. त्यानं ते गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं. आता बार्शी रोडवर मला कोणी चहाचे पैसे देऊ देत नाही. तुझ्या त्या साहेबाला सांग, बीडला हेलिकॉप्टर उतरतं तसं आता बीडच्या जिवावर उडणार पण आहे.

आता खरी गंमत ऐक. जमीलला यातलं काही माहीत नाही, तूही सांगू नको. त्या दहातली एक पिन भरलेली आहे.

झालं असं, की जमीलच्या कॉम्प्युटरच्या मशीननं एका पिनेवरून केसभर जास्त घेतलं. पिन बारीक झाली. पोलाद तर मोजून दहा तुकडे आलेलं, वर प्रत्येकावर नंबर ठोकलेला. म्हणजे 'एक बिघडली' असं लिहून परत पाठवायचं! पहिल्याच ऑर्डरीत नाक कापून घ्यायचं! बावन्न वर्षांत या दुकानातून गेलेलं एक काम परत आलेलं नाही. जमील दोन दिवस पुण्याला गेला होता. मी पिन जुन्या दुकानात आणली, वेल्डिंगनं भरली, लेथवर उतरवली, घासली आणि मापात आणून परत पेटीत ठेवली. जमीलनं येऊन मोजली, त्याला पत्ता लागला नाही.

आणि तुला पण लागला नाही! आठवतं का, तुम्हा पोरांची परीक्षा कशी घ्यायचो? फळीवर पाच शाफ्ट मांडायचे, त्यातला एक झिजलेला, भरून परत उतरवलेला. "ओळख बे, भरलेला कोनता?" ज्यानं ओळखला तो शिकला. तू दोन वर्षांत एकदाही ओळखला नाहीस. मला वाटायचं, मोठा साहेब झाल्यावर तरी ओळखशील. तू तर लिहितोस, तेजाबानं काळं कडं उठतं. माझ्या भरणीवर नाही उठलं! तेजाबाला सुद्धा चकवलं तुझ्या चाचानं. बहात्तराव्या वर्षी माणसाला आणखी काय पाहिजे?

हरलास. कबूल कर.

तुझा चाचा,
कलीम


बेंगळुरू
९ फेब्रुवारी २०२४

आदरणीय चाचा,

पत्र मिळालं. वाचून खूप हसलो. हरलो, कबूल. तुमच्या हाताला तोड नाही.

आता फक्त एवढं सांगा, की भरलेली पिन कोणती. प्रत्येकीवर नंबर आहेच. दहा नंबरची का? की नऊ? त्या दोन जादा म्हणून कपाटात आहेत. मला आपली उत्सुकता.

हे आणखी कुणाला सांगू नका. त्रिंबकला तर अजिबात नको. सरकारी कामातली गंमत बाहेरच्यांना कळत नाही.

उलट टपाली कळवा. स्पीड पोस्टानं पाठवा.

तुमचा,
हरिओम


बीड
२१ फेब्रुवारी २०२४

बेटा हरी,

नंबर नाही सांगणार. फळीवरचा शाफ्ट मी कधी बोट दाखवून सांगितला होता का? बघ परत. उजेडात धर, नख फिरव, कानाशी नेऊन टिचकी मार. तुझ्याजवळ भिंगं आहेत, तेजाब आहे, हाताखाली माणसं आहेत. तीन वेळा ओळखायची संधी देतो. नाही ओळखलं तर ईदला ये, शीरखुर्मा खा, मग कानात सांगतो.

एक मात्र तुझ्या पत्रातून माझ्या ध्यानात आलं. तू हसलो म्हणून लिहिलंस, पण अक्षर हसलेल्या माणसाचं नाही. रागावलास का? हरल्याचा राग दोन वर्षं कधी आला नाही, आता साहेब झाल्यावर येतो का? अरे, भरणी म्हणजे काही चोरी नाही. कड्याच्या साखर कारखान्याचा शाफ्ट ऐन गळीत हंगामात तुटला होता, तेव्हा मीच रात्रंदिवस बसून भरला होता. तुझ्या वडिलांचा ऊस त्याच हंगामात गाळला गेला. झिजलेलं भरून परत चालू करायचं, यावर आपल्या जिल्ह्याच्या निम्म्या बोअर आणि ट्रॅक्टर चालतात. यात लाज कसली?

जमीलला दुसरी ऑर्डर मिळणार म्हणे. त्यानं शेडवर नवीन बोर्ड लावला. अक्षरं मी रंगवली.

तुझा चाचा,
कलीम


बेंगळुरू
३ मार्च २०२४

चाचा,

आज खरं लिहितो. तीन वेळा कागद फाडला, हा चौथा.

तुमच्या भरणीला तेजाबानं ओळखलं नाही असं नाही. तेजाब लावलंच नव्हतं. दहातल्या दोन पिनांना लावलं, दोन्ही स्वच्छ निघाल्या. त्या दिवशी माल चाचणीच्या जागी पोचवायचा होता, गाडी दारात उभी होती, वरून फोन येत होते. संस्कृती भांडं तयार करून बसली होती. मी म्हणालो, राहू दे, हा माझ्या घरचा माल आहे, दहाही केल्या असं लिहून टाक. तिनं रजिस्टरमध्ये लिहिलं, सही केली. खाली मी सही केली. आणि मग तुम्हाला थाटात पत्र लिहिलं, की सगळ्यातून सुटला.

चाचा, ट्रॅक्टरचा शाफ्ट तुटला तर ट्रॅक्टर उभा राहतो. ही पिन तुटली तर पातं सुटतं. हे पोलाद इतकं कडक असतं की वेल्डिंगची आच लागली की आतून तडकतं. वरून तुमच्या हातासारखी चकाकी असली तरी आत चीर असते, आणि ती फिरता फिरता वाढते. तो पंखा तीन आठवड्यांपासून एका मनोऱ्यावर फिरतोय. आम्ही जाड भिंतीआड बसतो, पण मधे पंखा थांबला की दोन फिटर वर चढून वंगण घालतात, बोल्ट तपासतात. पंचवीस तारखेला तो खऱ्या हेलिकॉप्टरवर चढणार. त्यात दोन माणसं बसणार. त्यातला एक वैमानिक परवा बघायला आला होता. पात्याखाली उभा राहून त्यानं मला विचारलं, "माल चांगला आहे ना?" मी "हो" म्हणालो.

तुम्हाला वाटेल, मग थांबवत का नाहीस. थांबवायचं तर कारण सांगावं लागेल, आणि कारण सांगितलं की तेजाबाचं रजिस्टर निघेल. म्हणून मी मनात असा डाव रचला, की नंबर कळला तर बघू. जादा दोनपैकी असली तर प्रश्नच मिटला. बसवलेल्यांपैकी असली तर काहीतरी निमित्त काढून गुपचूप बदलून टाकू. जमीलला फोन करून तुमच्याशी बोलणं करून दिलं असतं तर दोन मिनिटांत नंबर कळला असता. मी पत्र लिहिलं. पत्राला आठवडा लागतो, आणि खरं सांगायचं तर मला आठवडा पाहिजे होता. तेवढे दिवस काही ठरवावं लागत नाही.

रोज सकाळी पंखा सुरू होताना मी बुटातली बोटं आवळून बसतो. मला माझीच किळस येते. पण अजूनही मी तेच विचारतोय. नंबर सांगा.

हरिओम


बीड
१४ मार्च २०२४, तिसरा रोजा

बेटा हरी,

सात नंबर. बसवलेली.

तुला हे आधीच कळलं असेल, तरी मी माझ्या हातानं लिहून देतो.

तुझं पत्र शुक्रवारी दुपारी आलं. दुकानाच्या पायरीवर बसून वाचलं. एकदाच वाचलं. रिक्षा केली आणि एमआयडीसीत जमीलच्या शेडवर गेलो. तो मशीनवर होता. मी मशीन बंद करायला लावली आणि पत्रातलं पंख्याचं, पिनेचं, त्या दोन माणसांचं त्याला सांगितलं. तुझ्या तेजाबाचं सांगितलं नाही.

मग दुसरं सांगितलं, जे तुझ्याजवळ पण खोटं बोललो होतो. जमीलच्या मशीननं काही जास्त घेतलं नव्हतं. त्याच्या नऊ पिना बिनचूक होत्या. सात नंबर तो पुण्याहून आल्यावर करणार होता. मी जुन्या दुकानात नेऊन स्वतःच केली. त्यानं आल्यावर माप बरोबर बघून ठेवून घेतली, भरणीचं त्याला कळलं नाही. का केली? तर आपल्या हातची एक तरी पिन आभाळात जावी, एवढ्यासाठी. आणि हात हलला. वर्षभरापासून हलतो हरी, चहाचा कप पण मी दोन्ही हातांनी धरतो. घरात कुणाला कळू देत नाही. केसभर जास्त गेलं आणि ते झाकायला भरणी केली, आणि भरणी झाकायला पोराच्या मशीनचं नाव घेतलं.

जमील खाली बसला. म्हणाला, "कावून, अब्बा? मला सांगायचं व्हतं. म्या कळवलं असतं, एक पिन बिगडली म्हनून. त्यात काय व्हतं?"

तू म्हणतोस तुला किळस येते. मला माझ्या पोराच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

त्यानं तिथूनच पुण्याला फोन लावला. अर्ध्या तासात तुमचा पंखा बंद झाला म्हणे. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पुण्याला गेलो आणि मी जबाब लिहून दिला. तिथल्या तरुण इंजिनिअरनं मोठ्यानं ओरडून विचारलं, आजोबा, कुणी करायला लावलं? मी म्हणालो, कुणी नाही. मग विचारलं, तपासणीत सुटली कशी? मी म्हणालो, माझी भरणी तेजाबाला दिसत नसते. तपासणाऱ्यांचा काही दोष नाही. तसंच लिहून सही केली.

आयुष्यात लई बढाया मारल्या. ही एक तुझ्यासाठी मारली. आता तू गप्प राहा आणि नोकरी सांभाळ.

तुझा चाचा,
कलीम


बेंगळुरू
१६ एप्रिल २०२४

आदरणीय चाचा,

ईदला आलो नाही, फोनही केला नाही. कोणत्या तोंडानं करणार होतो? जमीलच्या शेडचं नाव यादीतून काढल्याचा कागद माझ्याच टेबलावरून गेला. त्यावर माझी सही आहे.

सात नंबर काढली. सगळ्यांसमोर तेजाबात ठेवली. मिनिटाच्या आत काळं कडं उठलं, अंगठीएवढं रुंद, लांबून दिसावं असं. कड्याखाली चीर निघाली, नखाच्या लांबीची. इंजिनिअर म्हणाले, आणखी वीस-पंचवीस तास फिरली असती तर गेली असती. पंचवीस तारखेच्या उड्डाणाच्या आधी किंवा उड्डाणातच. कुणाला काही झालं नाही, हे तुमच्यामुळं. तुम्ही त्या शुक्रवारी रिक्षा केली नसती तर मी अजून नंबरची वाट बघत बसलो असतो.

पण तुमच्या जबाबाचं उलटंच झालं. कडं इतकं स्पष्ट उठल्यावर 'तेजाबाला दिसत नाही' यावर कोण विश्वास ठेवणार? चौकशी नेमली. त्यांनी सरळ हिशेब केला. तेजाब लावलं असेल तर कडं दिसलंच असणार. मग तपासणाऱ्यानं बघितलं नाही, नाहीतर लावलंच नाही. रजिस्टर आणलं. मला विचारलं, तपासणी केल्याची ही सही कुणाची?

मी म्हणालो, संस्कृतीची.

खोटं काहीच बोललो नाही, चाचा. सही तिचीच आहे. खाली माझी आहे ती फक्त 'पाहिले' म्हणून. मला पुढचं कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ती टेबलाच्या त्या बाजूला बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी पाण्याचा ग्लास उचलला. तिचं कंत्राट थांबवलंय. दोन मेला शेवटची सुनावणी आहे, त्यानंतर तिला कुठल्याच सरकारी प्रयोगशाळेत काम मिळणार नाही.

मला दोन पोरी आहेत, घराचे हप्ते आहेत, अठरा वर्षांची नोकरी आहे. तिचं वय चोवीस, तिला दुसरीकडं काहीतरी मिळेल. असं मी स्वतःला सांगतो. तुम्हीच लिहिलं होतं, गप्प राहा म्हणून. अजूनही तुमचं तेच म्हणणं आहे का? तुम्ही सांगाल तसं करीन.

तुमचा,
हरिओम


बीड
२५ एप्रिल २०२४

हरी,

मला परवानगी मागतोस? नाही देत.

मी गप्प राहा लिहिलं तेव्हा मला वाटलं होतं, आपण दोघंच आहोत. ती केजची पोरगी मला माहीत होती, तूच पहिल्या पत्रात लिहिलं होतंस, पण जबाब देताना ती माझ्या डोक्यात आलीच नाही. मला फक्त तू दिसत होतास. माझ्या बढाईनं तुझ्या जागी तिला नेऊन बसवलं. मी पिनेला जे केलं तेच परत केलं. बिघडलेलं झाकायला गेलो आणि दुसऱ्याच्या जिवावर आलं.

इथं काय चाललंय ते तुला वाटत असेल तसं नाही. कुणी शिव्या दिल्या नाहीत. त्रिंबक चहाचे पैसे पुन्हा घ्यायला लागला, एवढंच. जमील शेडमध्ये आता ट्रॅक्टरची कामं करतो. एवढी मोठी मशीन, आणि त्यावर नांगराचे बोल्ट. माझ्याशी बोलतो, औषधं आणतो. मेहेकनं विचारलं, "दादा, ते हेलिकॉप्टर तुमच्यामुळं पडनार व्हतं का?" मी हो म्हणालो. नऊ वर्षांच्या पोरीला हो म्हणायला मला जड गेलं, पण म्हणून झाल्यावर जेवण गेलं. त्याआधी जात नव्हतं.

काल मी जमीलला बसवून दुसरा जबाब लिहिला. तेजाबाचं मी खोटं बोललो, माझ्या भरणीत असली काही करामत नाही, आणि तपासणीत काय झालं ते मला माहीत असूनही मी लपवलं, असं लिहिलं. तो जबाब टपालानं पुण्याला गेला. तुझं नाव मी घातलं नाही. ते मी घालणार नाही. विचारलं तर सांगीन, पण आधी जाऊन सांगणार नाही.

तुला मी लेथ शिकवला. बिघडलेलं काम उस्तादाला कसं दाखवायचं ते शिकवलं नाही, कारण मलाच ते येत नव्हतं. मी बहात्तराव्या वर्षी शिकलो. तू अठ्ठेचाळीसचा आहेस.

कलीम


बेंगळुरू
६ मे २०२४

आदरणीय चाचा,

दोन तारखेला सांगितलं.

तुमचं पत्र खिशात होतं, तरी खरं सांगतो, दारापर्यंत माझं ठरलेलं नव्हतं. बाहेरच्या बाकावर संस्कृती बसली होती आणि शेजारी पांढरा शर्ट, पायजमा घातलेले एक गृहस्थ. तिचे वडील, आदिनाथराव. केजला शाळेत शिपाई आहेत. दोन दिवसांचा प्रवास करून आले होते. मला बघून ते उठले आणि त्यांनी दोन्ही हातांत माझा हात धरला.

"साहेब, तुमी हायेत म्हनून मी निवांत हाय," ते म्हणाले. "पोरीला इच्यारलं, वकील बघू का? तर म्हनती, बाबा, वकील कशाला? आमचे सर सांगतेल. आपल्याकडचा मानूस तितं हाय, लई आधार वाटतो बगा."

मी संस्कृतीकडं पाहिलं. तिनं खाली पाहिलं नाही. तिला सगळं माहीत होतं, चाचा. भांडं तिनंच तयार केलं होतं, 'लिहून टाक' तिनंच ऐकलं होतं. मार्चपासून तिनं एका शब्दानंही माझं नाव घेतलं नव्हतं. मला वाटत होतं, घाबरून गप्प आहे. ती माझी वाट बघत होती.

आत गेलो आणि उभं राहूनच बोललो. दोन पिनांना तेजाब लावलं, आठांना नाही. मीच नको म्हणालो. रजिस्टर मी लिहायला लावलं. नऊ फेब्रुवारीपासून मला माहीत होतं की एक पिन भरलेली आहे, आणि मी महिनाभर पंखा फिरू दिला. कारखाना माझ्या उस्तादांचा आहे आणि नाव मी सुचवलं होतं, हेही सांगितलं. एका कर्नलनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "महिनाभर?" मी "हो" म्हणालो. मग त्यांनी संस्कृतीला विचारलं, तू हे आधी का सांगितलं नाहीस? ती म्हणाली, "सर सांगतील असं वाटलं." तिचा आवाज नेहमीसारखाच होता.

मला निलंबित केलंय. पुढं खटला होईल असं दिसतं. खोट्या रजिस्टरवर सही केली म्हणून तिला ताकीद मिळाली, पण कंत्राट परत दिलं. जमीलचं नाव यादीत परत येणार नाही. मी विचारलं होतं.

बाहेर आलो तेव्हा दार उघडंच होतं. आदिनाथरावांनी आतलं सगळं ऐकलं होतं. मला बघून ते सवयीनं उठले. नमस्कारासाठी दोन्ही हात वर आणले आणि ते छातीपाशी येऊन थांबले, जुळले नाहीत. मग त्यांनी ते खाली घेतले, बाकावरची पिशवी उचलली आणि मुलीला म्हणाले, "चल बाई, तू काय खाल्लं न्हाईस सकाळपासून."

मी तिथंच उभा राहिलो.

हरिओम